सेकंडहँड मोटार आणि नभोवाणीवरचा हशा

(इंद्रलोक, भाईंदर पूर्व येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना म्हणालो, त्या विषयावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतच असतो, आणि ऐकणारी माणसे बहुतेक तीच ती असतात. उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस मला माझ्या आवडीचे बोलू द्या. त्यांनी विषय विचारला. मी सांगितला. त्यावर ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "भाऊ, गंभीर विषय आहे ना?" मी म्हटले, अतिशय गंभीर आहे, लोकांचे त्यात दोन-दोन लाख बुडतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हा या व्यासपीठावरून कोणी जुन्या मोटारीच्या सायलेन्सरविषयी बोलेल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पण आपण बसलो आहोत ती वस्ती पाहा. हिचे नाव इंद्रलोक. पुराणातल्या इंद्राजवळ ऐरावत होता, उच्चैःश्रवा होता, रथ होता, आणि रथावर मातली नावाचा कायम नोकरीतला ड्रायव्हर होता. त्या मातलीला रजा किती, ओव्हरटाइम किती, याचा उल्लेख कोठे माझ्या वाचनात आला नाही. आमच्या इंद्रलोकात इंद्र कोणीच नाही, मातली मात्र घरोघर आहेत. रात्री अकरानंतर गोल्डन नेस्टकडून चालत या आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागलेल्या गाड्या मोजा. त्यांतल्या किती गाड्या पहिल्या मालकाच्या आहेत ते मला सांगा. आपण सारे दुसऱ्याच्या हातून आलेल्या गोष्टींवर संसार करणारे लोक आहोत. घर रीसेलचे, फ्रिज एक्स्चेंजचा, मोबाइल थोरल्या भावाचा आणि मोटार कोणा डॉक्टरची.

डॉक्टरची हे मी मुद्दाम म्हटले. जुन्या मोटारींच्या जाहिराती मी तीस वर्षे वाचतो आहे. प्रत्येक गाडी डॉक्टरने वापरलेली असते, फक्त दवाखान्यात जाण्यायेण्यापुरती, आणि तीही रविवार सोडून. या हिशेबाने मुंबईतल्या डॉक्टरांनी गाड्या घेण्याविकण्यापलीकडे दुसरे काही केलेच नसावे. वकिलाने वापरलेली गाडी अशी जाहिरात मी अजून पाहिली नाही. ट्रेड युनियनवाल्याने वापरलेली अशी तर कोणी फुकटही घेणार नाही.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे जे झाले ते आपणांस ठाऊक आहे. आम्ही खोली विकून इकडे आलो, तेव्हा स्टेशनातून उतरले की मिठागरे दिसत. मी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिशच्या मशीनवर लागलो. तेथे नाकातोंडात काळी भुकटी जाते आणि कानांत बफच्या चाकाचा आवाज राहतो. त्या आवाजात जे कामगार एकमेकांशी बोलत ते तोंडाने नव्हे, हातवाऱ्यांनी. तेथेच मला युनियनचे काम लागले आणि वाचनाचीही चटक लागली. पुढे कारखाने मिटत गेले, माणसे रिक्षावर, टेम्पोवर, टुरिस्ट गाड्यांवर गेली, आणि त्यांच्यामागोमाग मीही ड्रायव्हरांचा माणूस झालो. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे येथेच कबूल करतो. त्यामुळे गाडीविषयी मी जे सांगेन ते ऐकीव आहे. पण चांगल्या माणसांकडून ऐकलेले आहे.

आता नभोवाणी. आमच्या लालबागच्या खोलीत एक रेडिओ होता, अर्थात सेकंडहँड. त्यावर मुंबई केंद्राची 'कामगार सभा' लागे. 'पुन्हा प्रपंच' लागे, त्यातले पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भाऊजी म्हणजे प्रभाकर जोशी. वडील दुसऱ्या पाळीवरून आले नसले तर आई आवाज बारीक ठेवी आणि आम्ही पेटीला कान लावून हसत असू. ती माणसे आमच्यासारखी बोलत, एकमेकांची टर उडवीत, आणि जाताजाता शहराच्या कारभारालाही टिचकी मारीत. त्या हसण्याने कोणाचे काही कमी झाले असे मला आठवत नाही.

रेडिओने लोकांना हसवावे की शिकवावे, हे भांडण आपल्या देशात फार जुने आहे, आणि त्यात आपलाच एक मराठी माणूस गाजला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीचे मंत्री होते. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवितात असे त्यांचे ठाम मत. त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या अखेरीस तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी नावाचा मुंबईचा तरुण घरोघरचा झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती काढावी लागली. केसकर विद्वान होते, प्रामाणिक होते. पण संघटनेच्या कामात मी शिकलो ते एवढेच की माणसाला सभेत बसवायचे असेल तर सभेला येण्याची त्याला आवड वाटली पाहिजे. दार बंद करून बसवलेली माणसे खिडकीतून जातात.

हे सारे मी का सांगतो आहे? माझी मुलगी एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करीत असे. तिला अमेरिकन लोकांचे बोलणे कानावर बसावे म्हणून तेथल्या कोणी एका रेडिओ कार्यक्रमाच्या ध्वनिफिती ऐकावयास दिल्या होत्या. ती ऐकता ऐकता एकटीच हसत सुटे. मी विचारले, काय ग, काय आहे एवढे? ती म्हणाली, "बाबा, गाडीत कसला आवाज येतो ते लोक फोनवर तोंडाने काढून दाखवतात, आणि दोन म्हातारे त्यांना दुखणे सांगतात." मला वाटले ही माझी थट्टा करते आहे. मग तिने मला शेजारी बसवून, थांबवून थांबवून, मराठीत सांगत ऐकवले. त्यानंतर दोन महिने रात्री जेवण झाले की आम्हां बापलेकीचा तोच उद्योग होता.

त्या कार्यक्रमाचे नाव 'कार टॉक'. चालविणारे दोघे सख्खे भाऊ, टॉम आणि रे माग्लिओझी, राहणार बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावचे. थोरला धाकट्याहून बारा वर्षांनी मोठा. दोघेही एम. आय. टी. या जगप्रसिद्ध संस्थेचे पदवीधर. टॉम चांगल्या नोकरीत होता. एके दिवशी कामावर जाताना त्याच्या लहानशा मोटारीला एका प्रचंड ट्रकने जवळजवळ चिरडले. तो वाचला, तसाच कचेरीत गेला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. कारण त्याच्या मनात आले, आज मेलो असतो तर या नोकरीत घालवलेल्या दिवसांचा केवढा पश्चात्ताप झाला असता! ही हकीकत तो स्वतः सांगत असे. आता असे राजीनामे द्या, असे मी कोणाला सांगणार नाही. आमच्या सभासदांना रोज असे ट्रक भेटतात आणि रोज ते कामावर जातात. घराचा हप्ता हा ट्रकपेक्षा मोठा असतो.

पण पुढचे ऐका. १९७३ साली या भावांनी एक गॅरेज काढले, आणि ते कसले? तेथे जागा आणि पाने भाड्याने मिळत. ज्याने त्याने आपली गाडी आपण दुरुस्त करावयाची, अडले तर हे दोघे मदतीला. मला हे ऐकून गहिवरच आला. अवजारे सगळ्यांची, हात ज्याचे त्याचे! यात त्यांना पैसा काही मिळाला नाही, आणि पुढे ते साधे दुरुस्तीचे गॅरेज झाले. ते असो. १९७७ साली तेथल्या एका नभोवाणी केंद्राने मेकॅनिकांची एक चर्चा ठेवली, पुष्कळांना बोलावले, आणि आला एकटा टॉम. त्याला पुन्हा बोलावले तेव्हा तो धाकट्या भावाला घेऊन गेला. १९८७ पासून तो कार्यक्रम साऱ्या अमेरिकेत ऐकू जाऊ लागला, आणि २०१२ मध्ये त्यांनी नवे भाग करणे थांबवीपर्यंत पंचवीस वर्षे आठवड्याला लाखो माणसे तो ऐकत होती. टॉम २०१४ च्या नोव्हेंबरात वारला.

आता त्या हशाची जात काय होती ते सांगतो. फोन करणारी बाई म्हणे, माझी गाडी वळताना अशी करते: "ग्र्र्र-टक-टक". दोघे भाऊ आधी तिला तो आवाज पुन्हा काढावयास लावीत, मग आपण काढून दाखवीत, मग भांडत. एक म्हणे बेअरिंग, दुसरा म्हणे नवऱ्याने कोठेतरी ठोकून आणली आहे आणि सांगत नाही. मग सिनेमातली नटी, राजकारणी, स्वतःच्या बायका, स्वतःची आई, सगळ्यांवरून गाडी जाई. पण सर्वांत जास्त वेळा ती स्वतःच्याच अंगावरून जाई. आपण मूर्ख आहोत, आपला सल्ला कोणी मानू नये, हे ते दर पाच मिनिटांनी सांगत. आणि त्याच्या मध्ये, अगदी सहज, खरे उत्तर देऊन टाकीत. जुनी गाडी घ्यावी का, म्हणून कोणी विचारले तर पुष्कळशा थट्टेनंतर उत्तर ठरलेले असे: पैसे देण्याआधी ती विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकाला दाखवा.

एवढे साधे वाक्य. हे वाक्य आमच्या एका सभासदाच्या कानावर वेळेवर पडले असते तर काय झाले असते, याचा मी अजून विचार करतो.

२६ जुलै २००५ आपण विसरलेला नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या असे आपणांस वाटते का? पुष्कळ गाड्या धुवून, पुसून, सुगंधी फवारे मारून काही महिन्यांनी बाजारात उभ्या राहिल्या. आमचा हा सभासद पॉलिशवाला. कारखाना बंद झाला, हिशेबाचे पैसे हातात आले. त्याने टुरिस्ट म्हणून चालवावयास एक गाडी घेतली. विकणारा कोण, हे मी सांगत नाही. गाडी चकचकीत, आत नवे सीटकव्हर, आरशाला लिंबू-मिरची. पहिल्या महिन्यात हॉर्न आपोआप वाजू लागला. दुसऱ्यात काचा वर जाईनात. तिसऱ्यात दहिसरच्या पुढे, भाडे आत बसलेले असताना, सगळी गाडी काळोखी झाली. वायरिंग आतून सडले होते. कर्जाचा हप्ता चालू, गाडी उभी. बायकोच्या बांगड्या गेल्या, मुलाची फी राहिली. तो मुलगा पुढे दहावीला बसलाच नाही.

येथून दीड फर्लांगावर एक गॅरेज आहे. तेथल्या मेकॅनिकाला सारे 'उस्ताद' म्हणतात. त्याने ती गाडी पाहिल्याबरोबर काय केले? पायाखालचे मॅट उचलले आणि वास घेतला. डिकीतले स्टेपनीचे चाक काढून त्याखालच्या खळग्यात बोट फिरवले. बोटाला बारीक गाळ. सीटबेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढला. वीतभर अंतरावर चिखलाची रेघ, जणू पाण्याने तेथे सही केली होती. सीटच्या खालचे नट गंजलेले. सगळे मिळून तीन मिनिटे लागली. मी त्याला म्हणालो, "उस्ताद, हे आधी का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "आधी मला विचारले कोणी?"

मित्रहो, या प्रश्नाने माझी झोप उडवली. ज्याला कळते त्याला आपण विचारीत नाही. ज्याचे हात काळे आहेत त्याचे तोंड आपण माइकपुढे आणीत नाही. आणि माइकपुढे जे बसलेले असतात त्यांनी उभ्या जन्मात पाना धरलेला नसतो. बॉस्टनच्या भावांपाशी एम. आय. टी. ची पदवी होती म्हणून त्यांचे काळे हात लोकांना गोड वाटले, असे कोणी म्हणेल. आणि त्यात थोडे तथ्य असावे असे मलाही वाटते. आमच्या सिनेमाने मात्र हे आधीच ओळखले होते. १९५८ सालचा 'चलती का नाम गाडी' आठवा. अशोककुमार, अनूपकुमार, किशोरकुमार, तीन सख्खे भाऊ, पडद्यावरही भाऊच, गॅरेज चालवितात आणि एक खटारा मोटार पाळतात. देशभर लोक हसले. पण त्या तिघांना कोणी नभोवाणीवर बसवून गाड्यांची दुखणी विचारली नाहीत.

खाजगी एफ. एम. आले तेव्हा मला मोठी आशा होती. मुंबईत ते २००२ साली सुरू झाले. ड्रायव्हर लोकांनी ते पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतले. रहदारीत अडकलेल्या माणसाला बोलणारा आवाज म्हणजे सोबत. पण सरकारने या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देऊ दिल्या नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची काय ती मुभा दिली. मग गंभीर बोलण्याची वाट बंद, म्हणून विनोद. आणि विनोद कोणावर? फोन करून कोणाला तरी फसवायचे, चिडवायचे, तो शिव्या देऊ लागला की साऱ्या शहराला ऐकवायचे. फोनच्या दुसऱ्या टोकाला बहुधा दुकानातला पोऱ्या, कुरिअरवाला, रिक्षावाला, गॅरेजमधला मिस्त्री. मीही हसलो आहे, खोटे सांगत नाही. एकदा मात्र रिक्षात बसून हसत असताना रिक्षावाला हसत नव्हता ते मला दिसले.

त्याच एफ. एम. वर दुसरे उदाहरणही आहे, आणि न्यायाने तेही सांगितले पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात रेडिओवरच्या मलिष्का या निवेदिकेने, त्या वेळी पोराटोरांच्या तोंडी असलेल्या एका मराठी गाण्याचे विडंबन करून, मुंबईच्या खड्ड्यांवरून महापालिकेला टोले हाणले. सारे शहर ते गुणगुणू लागले. काही नगरसेवकांनी तिच्यावर ५०० कोटींचा दावा लावा अशी मागणी केली, आणि त्याच सुमारास तिच्या आईच्या घरात डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीसही पालिकेने काढली. एका गमतीच्या गाण्याची किंमत ५०० कोटी! माझ्या तीस वर्षांच्या भाषणांची मिळून कोणी पाच रुपये लावली नाही.

मग आम्ही ठरविले, आपला रेडिओ आपणच काढावा. रेडिओ म्हणजे काय, तर गणपती मंडळाचा लाउडस्पीकर, दोन माइक, आणि रविवारी सकाळी दहा ते अकरा गॅरेजच्या समोरचा मोकळा कोपरा. एका माइकवर उस्ताद. तो बोलेना. त्याला आयुष्यात कोणी माइक दिला नव्हता. दुसऱ्या माइकवर आमचा एक टेम्पोवाला, त्याला सगळ्या नटांचे आवाज काढता येतात. तो निळू फुल्यांच्या आवाजात विचारी, "बाई, गाडीचे काय म्हणता?" आणि बाई लाजून म्हणे, "सकाळी चालू करताना किर्र करते." मग सगळी गर्दी किर्र करी. तिसऱ्या रविवारी उस्ताद खुलला. तो म्हणाला, "पावसात किर्र करते की उन्हात पण?" "पावसातच." "बेल्ट ढिला आहे. नवऱ्याचा नाही, गाडीचा." त्या दिवसापासून कोपऱ्यावर उभे राहावयास जागा मिळेना.

त्या रविवारांत मी जे शिकलो ते थोडे सांगतो, कारण काहीजण वही घेऊन बसलेले मला दिसत आहेत. गाडी पाहावयास जाल तेव्हा आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधी ती चालू करून ठेवली आहे; थंड गाडीचे रडणे त्याला तुम्हांस ऐकू द्यावयाचे नाही. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते आहे, काळा आला तर पेट्रोल जास्त जळते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर आत पाणी जाते आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडीला सीएनजी बसवलेला असेल तर तो आरसी बुकावर चढला आहे का पाहा. कर्जाची गाडी असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद हातात घ्या, तोंडी शब्द नको.

आणि विकणाऱ्यांनीही ऐकावे. गाडी दिली, पैसे घेतले, किल्ली दिली, संपले, असे नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. १९८८ च्या कायद्याचे ५० वे कलम विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात कळविण्यास चौदा दिवस देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की गाडी किती हातांतून गेली असो, अपघात झाला तर भरपाई नोंदणीवर ज्याचे नाव त्याच्याकडून. उस्तादने हे कलम माझ्याहून बरे समजावले. तो म्हणाला, "मुलगी दिली पण रेशनकार्डातून नाव काढले नाही, तर साखर कोण मागणार?"

गंमत अशी की एके काळी सेकंडहँड हा शब्द असा खाली मान घालून उच्चारावा लागत नसे. परवान्यांच्या जमान्यात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे नंबर लागलेला असे; त्यामुळे वापरलेली गाडी कारखान्याच्या दरापेक्षा जास्तीला जाई. ती कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात होई. तीच पुढे पद्मिनी झाली, तिच्याच काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मुंबईने साठ वर्षे प्रवास केला, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर वयाची मर्यादा संपून तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत केवढे गहिवर आले! ज्यांनी ती जोडली त्या कामगारांची आठवण त्यात फारशी कोणाला झाली नाही. असो, हे माझे नेहमीचे भाषण होईल.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती मला सांगावीशी वाटत नाही. सहाव्या की सातव्या रविवारी आमचाच एक सभासद, जुना, संपात माझ्याबरोबर पोलीसकोठडीत बसलेला, एक गाडी घेऊन आला. तो मध्यंतरी दलालीही करू लागला होता. चार लोकांपुढे गाडीची तपासणी झाली तर गिऱ्हाईक लवकर मिळेल, असा त्याचा हिशेब. मीटरवर २८ हजार किलोमीटर. उस्तादने दार उघडले, ब्रेकच्या पेडलकडे पाहिले आणि माइकवरच म्हणाला, "मीटर २८ हजार म्हणते, पण पेडलचे रबर म्हणते मी लाखभर दाबले गेलो आहे. या दोघांत खोटे कोण बोलतो?" टेम्पोवाल्याने लगेच कोर्टातल्या न्यायाधीशाचा आवाज काढला. गर्दी एवढी हसली की समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या.

तो सभासद हसला नाही. किल्ली काढून घेऊन गेला. संध्याकाळी त्याने वर्गणीचे पुस्तक माझ्या घरी पाठवून दिले.

मीटर त्याने फिरवले होते का? त्याच्याकडे ती गाडी तशीच आली होती, असे तो म्हणतो. मी त्यावर विश्वास ठेवतो, अर्धा. पण पडलेला हशा पुरता त्याच्या अंगावर पडला. वरच्या दलालाच्या अंगावर नाही, ज्याने स्क्रीन लावून आकडे बदलले त्याच्या अंगावर नाही. रेडिओवर रिक्षावाल्यावर हसणाऱ्यांना मी नावे ठेवली होती. आता माझ्याच लाउडस्पीकरवर माझाच माणूस. उस्ताद म्हणाला, मग काय, खोटे सांगायचे होते का? ती गाडी कोणी पॉलिशवाला घेणार होता. त्याचेही बरोबर होते. मी पंधरा दिवस कार्यक्रम बंद ठेवला. लोक घरी येऊन विचारू लागले, भाऊ, रविवारचे काय? काहींनी तर जिन्यातच आवाज काढून दाखवले.

मी त्याच्या घरी तीनदा गेलो. दोनदा तो नव्हता. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने चहा दिला आणि तो आतल्या खोलीत बसून राहिला. मी बाहेरूनच बोललो. आम्ही नियम केला आहे, म्हणालो. विकायची गाडी माइकवर तपासायची नाही, ती आडोशाला. माइकवर फक्त ज्याची गाडी त्याचे दुखणे. आतून उत्तर आले नाही.

गेल्या रविवारी कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. अकरा वाजायला आले होते, टेम्पोवाला गाशा गुंडाळीत होता. रांगेच्या शेवटी तो उभा होता. गाडी आणली नव्हती. माइक हातात घेऊन बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या स्वतःच्या गाडीचे विचारायचे आहे. उतारावर अशी करते," आणि गाल फुगवून त्याने आवाज काढला, "फुस्स... खट."

उस्ताद म्हणाला, "परत काढ. नीट ऐकू आला नाही."